आधी तिथी, मग तारीख: मित्रांसोबत समुद्रात पहिल्यांदा गरवायला जाताना

पहिल्यांदा आम्ही पाच जण पुण्याहून मालवणला गरवायला गेलो, तेव्हा तारीख ठरवली ऑफिसच्या सुट्ट्या बघून. शुक्रवारी रात्री उशिरा पोचलो, सुरमईच्या ताटावर ताव मारला, मग दोन वाजेपर्यंत गप्पा. शनिवारी आरामात दहाला होडीत बसलो. साडेबाराला वारं सुटलं आणि एकच्या आत पाचातले तिघे होडीच्या काठावर ओणवे. पकडलं काय, तर एक केंड. तो हातात फुगून चेंडू झाला आणि तांडेलाने, म्हणजे होडीच्या नाखव्याने, हसत हसत पाण्यात सोडून दिला. किनाऱ्यावर उतरल्यावर तो एवढंच म्हणाला, "पुढच्या खेपेक माका इचारून येवा."

पुढच्या खेपेला विचारून गेलो. त्यानंतर बऱ्याच खेपा झाल्या. जे कळलं ते नव्यांसाठी लिहितोय. मालवणीत गळाने मासे धरण्याला गरवणं म्हणतात आणि गळाला गरी. किनाऱ्यावर हे दोन शब्द वापरलेत तर समोरचा माणूस जरा मोकळेपणाने बोलतो. उदाहरणं मालवण, तारकर्ली, देवबागकडची आहेत, कारण तोच पट्टा मला माहीत आहे. पण हर्णैला किंवा मुरूडला जाणार असाल तरी यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

दिवस कसा निवडायचा

सगळ्यात आधी हंगाम. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. पर्यटकांना नेणाऱ्या होड्या तर मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत वर ओढलेल्या असतात. नारळी पौर्णिमेनंतर मच्छीमार समुद्रात उतरतात, पण ते त्यांचं पोटापाण्याचं काम आहे. तुम्ही नवखे असाल तर सप्टेंबरचा हट्ट धरू नका, पाणी अजून गढूळ आणि उसळतं असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ नव्यांचा.

मग तिथी. भरती-ओहोटी चंद्रावर चालते, म्हणून दिवस कॅलेंडरवर लाल शाईत कुठला आहे यापेक्षा त्याखाली बारीक अक्षरात काय छापलंय ते बघायचं. जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट केली की मुंबईकडच्या पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. दशमीला साडेसात. अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, बाराच्या अलीकडे-पलीकडे. मालवणात भरती मुंबईच्या थोडी आधी लागते. रोज ही वेळ पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. हा अंदाज झाला, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघायची. पण तिथी माहीत असली की सहा महिने पुढचा शनिवारही बसल्या जागी तपासता येतो.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं, खूप उतरतं आणि त्यामुळे जोरात वाहतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मंद. उधाणाच्या ओढीत शिसं तळाला टिकतच नाही, दोरी तिरकी होऊन लांब जाते आणि शेजारच्याच्या दोरीत गुंतते. चार नवखे, चार दोऱ्या आणि उधाण म्हणजे सकाळभर गुंते सोडवणं. उलट भांगाच्या अगदी मधल्या दिवशी पाणी इतकं मरगळलेलं असतं की मासाही आळसावतो. म्हणून माझी निवड दशमी-एकादशी. पाणी हलतं, पण ओढत नाही. सकाळी सहाला निघालात तर भरती अजून चढत असते. तास-दीड तासाने पाणी थांबतं, मग उलटं फिरतं. मासा खायला उठतो तो बहुधा पाणी चालू असताना. थांबलेल्या पाण्यात पोहे खाऊन घ्यावेत.

दशमीला शनिवार-रविवार येईलच असं नाही. तेव्हा एक दिवस मागेपुढे करा किंवा शुक्रवारची रजा टाका. या सहलीत एवढी एक रजा सार्थकी लागते.

वारं आणि बावटा

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, ते इथे कामाला येतात. रात्रभर जमिनीकडून समुद्राकडे मतलई वाहतो, म्हणून पहाटेचं पाणी तेलासारखं असतं. जमीन तापली की दुपारी खारं वारं उलटं येतं, बारानंतर त्याचा जोर वाढतो आणि बारीक, चिडक्या लाटा उठतात. त्यामुळे वेळापत्रक एकच: उजाडताना निघा, साडेदहा-अकरापर्यंत किनाऱ्यावर परत या. "अजून अर्धा तास" म्हणणारा एक मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवा.

दोन दिवस आधीपासून हवामान खात्याचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा सागरी अंदाज बघत जा. त्यात लाटांची उंची आणि वाऱ्याचा वेग दिलेला असतो. लाट एक मीटरच्या आत असेल तर छोट्या होडीत मजा येते. दीड मीटरच्या वर असेल तर मी जात नाही, मग हॉटेलचं बुकिंग वाया गेलं तरी चालेल. बंदरावर धोक्याचा बावटा लागतो. तीन नंबरचा बावटा लागला असेल तर विषय संपला.

हिवाळ्यात आभाळ निळं असतं म्हणून निर्धास्तही राहू नका. फयान चक्रीवादळ नोव्हेंबर २००९ मध्ये आलं आणि ओखी डिसेंबर २०१७ मध्ये, दोन्ही आपण ज्याला चांगला हंगाम म्हणतो त्यातच. तांडेल "आज नको" म्हणाला तर कारणसुद्धा विचारू नका. जास्त पैसे देऊ करून त्याला भरीला घालणारे लोक मी पाहिले आहेत. हे करू नका.

होडी ठरवताना

चार मित्र, तांडेल आणि त्याचा एक सोबती, एवढे सहा जण छोट्या होडीला पुरे. हात मागे नेऊन दोरी फेकायला जागा लागते. आठवा माणूस बसू शकतो, पण गरवू शकत नाही.

फोनवर बोलतानाच विचारा: होडीची नोंदणी आहे का, माणशी लाइफ जॅकेट आहे का, जादा इंजिन नसेल तर निदान वल्ही आणि नांगर आहेत का, डिझेल-पेट्रोल भाड्यात धरलंय की वेगळं, चारा आणि बर्फ कोण आणणार, आणि मासळी कोणाची. शेवटचा प्रश्न लोक संकोचाने टाळतात आणि मग किनाऱ्यावर तोंडं वाकडी होतात. आमच्यात ठरलेलं आहे, सुरमई लागली तर अर्धी तांडेलाची, बाकीची मासळी आधी त्याने निवडायची. ओळख टिकते.

लाइफ जॅकेट "आहे" म्हणजे अंगावर आहे. बुडाखाली उशी म्हणून घेतलेलं जॅकेट काही कामाचं नाही. पोहता येणाऱ्यांनीही घालायचं, कारण होडीवरून पडणारा माणूस बहुधा आधी कशाला तरी आपटतो. आधार कार्ड सोबत ठेवा, सागरी पोलीस विचारू शकतात. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत आणि त्यात दोन नंबर: तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३. किनाऱ्यावरच्या एकाला, खोलीच्या मालकिणीला का होईना, सांगून जा की अकरापर्यंत येतोय.

दारू होडीत नाही. परत आल्यावर काय करायचं ते करा.

आणखी एक. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. अशा मुखाशी वाळूचे उंचवटे असतात आणि दरवर्षी जागा बदलतात. ओहोटीचं पाणी बाहेर पडत असताना समोरून लाट आली की तिथे ती उभी राहते. बाहेरून बघताना काही वाटत नाही. परतायला उशीर केलात तर नेमके याच वेळी मुखाशी पोचता. अकराची मर्यादा मी सांगतो त्यामागे वाऱ्याइतकंच हेही कारण आहे.

जागा तांडेलावर सोडा, पण एवढं ठाऊक असू द्या: मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. त्याचा गाभा साधारण ३ चौरस किलोमीटरचा आहे, आणि सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोवतालचे बुडालेले खडक त्यातच येतात. किल्ल्याच्या पार्श्वभूमीवर गळ टाकतानाचा फोटो छान येईल, पण तिथे गळ टाकायचा नाही. आणि कोणी आंग्रिया बँकेच्या, म्हणजे समुद्रात बुडालेल्या प्रवाळी पठाराच्या, गोष्टी सांगू लागलं तर ऐकून घ्या. विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटर आत आहे ती. पहिल्या खेपेचं काम नव्हे.

सामान

महागडा रॉड घेऊ नका. पहिल्या खेपेला हातदोरी उत्तम, कारण तळाशी काय चाललंय ते बोटांना थेट कळतं. बंदराजवळच्या दुकानात जाऊन तंगूस मागा, म्हणजे नायलॉनची दोरी. पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाडीची घ्या. फार बारीक असेल तर हात कापते. लाकडी चौकटीवर किंवा प्लास्टिकच्या बाटलीवर साठ-सत्तर मीटर गुंडाळा. गऱ्या दोन मापांच्या: करंगळीच्या नखाएवढ्या घेराची आणि तिच्या दुप्पट. शिसं शंभर ते दीडशे ग्रॅमचं, आणि चार-पाच जास्तीची, कारण खडपात, म्हणजे खडकाळ तळात, अडकून जाणारच.

बांधणी अशी. दोरीच्या टोकाला शिसं. त्याच्या वर हातभर अंतर सोडून वीतभर लांबीच्या फांदीवर (म्हणजे बाजूला काढलेल्या तंगुसाच्या तुकड्यावर) एक गरी, तेवढंच अंतर सोडून दुसरी. शिसं मुख्य दोरीला थेट न बांधता त्याहून कच्च्या तंगुसाने बांधा. खडपात अडकलं तर ओढल्यावर तेवढंच तुटतं, गऱ्या वाचतात. ही युक्ती मला तीन खेपांनंतर कळली, तोवर दुकानदाराचं भलं झालं.

गाठ घरी शिकून जा. तंगूस गरीच्या नेढ्यातून ओवा, टोक मुख्य दोरीभोवती पाच वेढे फिरवा, नेढ्याजवळ जी छोटी फट राहते तिच्यातून मागे आणा, थुंकीने ओलं करा आणि सावकाश ओढा. ओलं न करता ओढलंत तर घर्षणाने तंगूस तापतं, तिथेच कमजोर होतं आणि नेमक्या मोठ्या माशाला तुटतं. गाठीवर चकचकीत, एकसारखे वेढे बसले पाहिजेत. एकावर एक चढले असतील तर कापा आणि पुन्हा बांधा. डोलत्या होडीत हे पहिल्यांदा करून बघू नका.

चारा म्हणून कोळंबी, तारली किंवा माकूल (स्क्विड). कोळंबीचा मऊ तुकडा मासे चिमटे काढून पळवतात, माकुलाची पट्टी चिवट असते, टिकते. मी दोन्ही नेतो. बाकी टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, पाणी माणशी दोन लिटर, पक्कड, बोथट नाकाची सुरी, जुना टॉवेल, बर्फाची पेटी. हातमोजे नसतील तर सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे कापून तर्जनीत आणि मधल्या बोटात अंगठीसारखे घाला.

बोट लागू नये म्हणून

गाडी न लागणाऱ्यालाही बोट लागते. आदल्या रात्री हलकं जेवण, पुरेशी झोप. मासळीवर ताव परतल्यावर मारा. सकाळी रिकाम्या पोटी जाऊ नका: कोरडी पोळी, खारी, केळं काहीही चालेल. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून निघण्याच्या तास-दीड तास आधी. होडीत मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. या गोळ्यांनी झोप येते, तेव्हा परतून लगेच घाट चढणारा ड्रायव्हर तुमच्यात असेल तर त्याचा विचार करा.

होडीत मधे किंवा थोडं मागे बसा, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, डोलणं सगळ्यात जास्त. मोबाइलकडे आणि गाठींकडे सतत बघू नका, नजर क्षितिजावर ठेवा. इंजिनच्या धुराच्या बाजूला बसू नका. आणि झालीच उलटी तर वारा येतो त्या बाजूला तोंड करून नाही. यावर अधिक तपशील देत नाही.

गळ पाण्यात गेल्यावर

नांगर पडला, होडी पाण्याच्या ओढीला नाळ करून स्थिरावली की प्रत्येकाने आपली बाजू ठरवून घ्यायची. दोन डावीकडे, दोन उजवीकडे. शिसं हलकेच सोडा आणि दोरी बोटांवरून घसरू द्या. ती अचानक सैल पडली की शिसं तळाला टेकलं. मग हात-दोन हात वर उचला आणि दोरी ताणलेली ठेवा. पाणी चढतं-उतरतं, होडी फिरते, म्हणून दर पाच मिनिटांनी पुन्हा तळ चाचपायचा. नव्यांना मासा न लागण्याचं निम्मं कारण हेच असतं: गरी तळापासून बारा फूट वर लोंबत असते आणि ते तासभर समाधीत.

दोरी तर्जनीवर धरायची. हाताला गुंडाळायची नाही, कधीच नाही. माझ्या मित्राने सवयीने मनगटाभोवती दोन वेढे घेतले तेव्हा तांडेल पहिल्यांदा ओरडला: "रे, तंगूस हाताक गुंडाळू नको, बोटां जातली!"

मग येतो तो ठोका. मुडदुशीचा असेल तर टकटकटक, कोणी नखाने दारावर वाजवावं तसा. शिंगाळा जड, मंद ओढतो, आधी वाटतं गरी अडकली. तांबोशी टकटक करत बसत नाही, एकदम हिसडा देते आणि कपारीकडे धावते. पहिल्या दोन हातांत तिला तळापासून तोडलंत तर ती तुमची, नाहीतर कपारीत शिरली आणि दोरी खडकावर घासून गेली. गोब्र्याचंही तसंच. लहान ठोक्याला लगेच ओढू नका. दुसऱ्या-तिसऱ्या ठोक्याला मनगटाने छोटा झटका द्या आणि मग हातावर हात टाकत एकसारखं ओढा. मधे थांबलात, दोरी सैल पडली, की मासा गरी झटकतो. ओढलेली दोरी पायाखाली नको, बाजूला पाटीत पडू द्या. मासा पाण्यावर आला की दोरीने उचलून आत घेऊ नका, हातजाळं खाली घाला. होडीच्या काठावर येऊन परत गेलेले मासे सगळ्यांनाच आठवतात, आणि दरवर्षी ते थोडे वाढतात.

बांगड्याचा थवा वर आला असेल तर पाणी शिजल्यासारखं बुडबुडतं. अशा वेळी एकाच दोरीवर पाच-सहा बारीक, पिसं लावलेल्या गऱ्या सोडून वर-खाली हलवत राहा. चाराही लागत नाही. एका वेळी तीन-चार बांगडे लटकलेले येतात आणि होडीत लहान मुलांसारखा आरडाओरडा होतो.

सुरमईचा प्रकार वेगळा. ती चालत्या होडीमागे लागते. जागा बदलताना होडी हळू चालवायची आणि पंचवीस-तीस मीटर मागे नकली मासा ओढायचा. यासाठी मात्र रॉड हवा, आणि नकली माशापुढे वीत-दीड वीत स्टीलची तार, कारण सुरमईचे दात तंगूस कात्रीसारखं कापतात. दोनपेक्षा जास्त दोऱ्या सोडू नका. रीळ किंचाळलं की बाकीच्यांनी आपापलं आत गुंडाळायचं. पहिल्या खेपेला सुरमई लागली तर नशीब. न लागणं हेच जास्त घडतं.

कशाला हात लावायचा नाही

शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे तीन काटे असतात, विषारी आणि करवतीसारखे. गरी पक्कडीने काढा, माशावर टॉवेल टाकूनही काट्याच्या बाजूने धरू नका. वागळी (चपटा, लांब शेपटीचा मासा) लागली तर शेपटीच्या मुळाशी तसाच काटा असतो. तिच्यासाठी वीरपणा न करता दोरी कापा. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-एक तास बुडवून ठेवा, उष्णतेने ते विष निष्प्रभ होतं आणि ठणका उतरतो. थर्मासमध्ये चहा नेताच, एक थर्मास साध्या गरम पाण्याचा न्या आणि बादलीत सोसवेल इतकं थंड करून वापरा. किनाऱ्यावर आल्यावर डॉक्टर आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. गरी बोटात घुसून तिचा उलटा काटा आत गेला असेल तर ओढून काढू नका, तंगूस कापा आणि गरीसकट दवाखान्यात जा.

केंड खायचा नाही. कोणी "साफ करून खातात" म्हणालं तरी नाही. त्याचं विष शिजवून जात नाही.

कासव दोरीत आलं तर गरीच्या जितकं जवळ कापता येईल तितकं कापून सोडा. लहान मासे परत सोडण्याबाबत राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींची किमान लांबी ठरवून दिली आहे: सुरमई ३७० मिलिमीटर, शिंगाळा २९०, बांगडा ११०. पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने खुणा करून ठेवा, वाद होत नाहीत.

बर्फ

नवे लोक पाण्याच्या बाटल्या बर्फात ठेवतात आणि मासे होडीच्या तळाला उन्हात. बांगडा, सुरमई, कुपा हे मासे उन्हात राहिले की त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होतं. नंतर कितीही शिजवा, ते जात नाही. तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं, आणि दोष मसाल्यावर जातो. मासळीच्या वजनाइतका बर्फ धरा. मासा धरल्याबरोबर आत. सुरमईचे कल्ले कापून रक्त जाऊ द्या आणि मग बर्फात ठेवा, मांस पांढरं राहतं. वितळलेलं पाणी अधूनमधून काढून टाका.

किनाऱ्यावर आलात की होडी वर ओढायला हात लावा, पैसे मोजून लगेच गाडीकडे धावू नका. गऱ्या, पक्कड, सुरी गोड्या पाण्याने धुवा. एका रात्रीत गंज चढतो. खवले तिथेच काढून घ्या, खोलीच्या मोरीत नको. मग मासळी खोलीच्या मालकिणीच्या हवाली करा आणि विचारा, "काकी, बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं आसत मा?" असली तर आंघोळ करून वेळेवर जेवायला या. तांडेल जेवायला थांबत असेल तर पुढची दशमी त्याच्याशी तिथेच ठरवून टाका.